किराण्यातील कूपन आणि स्कीम : सुरुवात कशी करावी?



मंडळाची बैठक संपून चहा आला की हल्ली एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे किराण्याचे बिल. पेन्शन वाढते ती ठरल्या वेळी आणि ठरल्या टक्क्याने. तूर डाळ, तेल आणि तूप मात्र कोणासाठी थांबत नाहीत. त्यात आता मोबाईलवर रोज कुठले ना कुठले कूपन येऊन पडते. नागपूर-पुण्याची मुले-सुना फोनवर सांगतात, "बाबा, ॲपवरून मागवा, दीडशे रुपये सुटतात." काही घरांत याचा चांगला उपयोग होतो, काहींना त्यातल्या अटी कळत नाहीत आणि काहींनी फसवणुकीच्या भीतीने हा विषयच बाजूला ठेवला आहे. ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

मुख्य नियम आधीच सांगून टाकतो. जी वस्तू आपल्या यादीत आधीपासून आहे, तिच्यावर कूपन लागले तरच पैसा वाचतो. यादीत नसलेल्या वस्तूवर कितीही सूट मिळाली तरी तो खर्चच आहे. म्हणून आधी यादी, मग भाव आणि शेवटी कूपन, हा क्रम सोडू नये. पुढचे सगळे याच क्रमाने समजून घेऊ.

आपल्याकडे कूपन कोणत्या रूपात येते?

सौंसर-पांढुर्णा भागात "कूपन" हा शब्द तसा कमी ऐकू येतो. आपण दुकानात विचारतो, "भाऊ, यावर काही स्कीम आहे का?" शब्द वेगळा असला तरी गोष्ट एकच. साधारण पाच प्रकार आपल्या घरात येतात.

पहिला, पाकिटावरच छापलेली सूट : "२० टक्के जास्त", "एकावर एक मोफत", "१० रुपये कमी", किंवा पाकिटाच्या आत निघणारा कोड. दुसरा, दुकानदाराची स्वतःची योजना : दिवाळीत अमुक रकमेच्या किराण्यावर साखर, बरणी किंवा स्टीलचा डबा. तिसरा, मोठ्या दुकानांचे सभासद कार्ड किंवा मोबाईल नंबरवर जमा होणारे पॉइंट. चौथा, मोबाईल ॲपवरचे कोड, कॅशबॅक आणि पैसे पाठवल्यावर येणारे स्क्रॅच कार्ड. पाचवा, बँकेच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरचे रिवॉर्ड पॉइंट आणि ठरावीक दिवशी मिळणारी सूट.

यांपैकी पहिल्या दोन प्रकारांना मोबाईल लागतच नाही. त्यामुळे "आम्हाला ते ॲप जमत नाही" म्हणून मागे राहण्याचे काही कारण नाही.

अमेरिकेतील कूपन आणि आपली एमआरपी

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांनी तिथल्या कूपनांच्या गोष्टी ऐकल्या असतील. तिथे वर्तमानपत्रातून कूपने कापून, ती वहीत लावून, गाडाभर सामान अगदी थोड्या पैशांत आणणारे लोक असतात. ही पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. कोका-कोला कंपनीने एक ग्लास फुकट देणारी कूपने वाटूनच सुरुवातीला आपले नाव घरोघरी पोहोचवले होते. तिथे कूपन कंपनी काढते, दुकानदार ते घेऊन सूट देतो आणि नंतर कंपनीकडून तेवढे पैसे वसूल करतो.

आपल्याकडे तसे होत नाही, याचे एक कारण एमआरपी. पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत आपल्याकडे १९९० पासून आहे. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी मात्र कितीही घेता येते. सूट दाखवली जाते ती बहुतेक वेळा या छापील किमतीवर. खरी गोम इथेच आहे. खाद्यतेलासारख्या काही वस्तूंवर छापील किंमत आणि दुकानातला रोजचा भाव यांत बरेच अंतर असते. समजा, तेलाच्या पाकिटावर १८० रुपये छापले आहेत आणि आपला नेहमीचा दुकानदार ते १५५ ला देतो. ॲपवर "१० टक्के सूट" मिळाली तर ते १६२ ला पडते. सूट मिळाली १८ रुपयांची आणि नुकसान झाले ७ रुपयांचे.

म्हणून कूपन लावण्याआधी आपल्याला आपला भाव माहीत हवा. छापील किंमत उपयोगाची नाही, रोजचा भाव उपयोगाचा.

पहिली पायरी : भावाची वही

एक साधी शंभर पानी वही घ्यावी. आमच्या घरी ती स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली असते. घरात दर महिन्याला लागणाऱ्या वीस-पंचवीस वस्तूच त्यात लिहाव्यात : गहू किंवा कणीक, तांदूळ, तूर डाळ, चना डाळ, फल्लीचे किंवा सोयाबीनचे तेल, साखर, चहापत्ती, पोहे, रवा, बेसन, मीठ, हळद, तिखट, तूप, अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, भांड्यांची पावडर. प्रत्येक वस्तूसमोर चार रकाने : तारीख, कुठून घेतली, किती वजन, किती पैसे.

दोन-तीन महिने फक्त लिहीत राहावे, कूपनाच्या मागे लागू नये. तेवढ्यात प्रत्येक वस्तूचा आपला नेहमीचा भाव तयार होतो. बँकेत कोणतेही कर्ज देण्याआधी मागचे हिशेब पाहतात, तसेच हे. पुढे कोणी "अर्ध्या किमतीत" म्हणाले की वही उघडायची आणि पाहायचे, कशाच्या अर्ध्या?

वही जुनी झाली की भावही जुने होतात, हेही लक्षात ठेवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि केसांचे तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. तूप आणि लोणी १२ वरून ५ टक्क्यांवर आले. करापूर्वी १०० रुपयांची असलेली टूथपेस्ट आधी ११८ ला पडत होती, ती १०५ ला आली, म्हणजे सुमारे ११ टक्के कमी. जुन्या ११८ वर "१० टक्के सूट" म्हणून कोणी १०६ ला दिली, तर ती सूट नसून कर कमी झाल्याचा परिणाम आहे, आणि तोही पूर्ण नाही. अशा वस्तूंचे भाव वहीत त्या तारखेनंतरचेच धरावेत.

दुसरी पायरी : किलोचा भाव काढा

पूर्वी चहा, बिस्किटे, तेल अशा बऱ्याच वस्तू ठरावीक वजनाच्याच पाकिटात विकाव्या लागत. आता ते बंधन राहिले नाही. त्यामुळे किंमत तीच ठेवून वजन थोडे कमी करणे कंपन्यांना सोपे झाले आहे. तेलाच्या पाकिटांत हे सहज दिसते. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. पण दुकानात ८०० किंवा ८५० ग्रॅमची पाकिटेही असतात आणि दिसायला ती जवळपास सारखीच.

समजा, एक लिटरचे म्हणजे ९१० ग्रॅमचे पाकीट १५० रुपयांना आहे. शेजारी ८०० ग्रॅमचे पाकीट आहे, छापील १५० आणि "१२ रुपये सूट", म्हणजे १३८. पटकन हात दुसऱ्याकडे जातो. आता किलोचा भाव काढू. पहिले पडते सुमारे १६५ रुपये किलो आणि दुसरे १७२ रुपये ५० पैसे किलो. सूट नसलेले पाकीट स्वस्त निघाले.

हा हिशेब सोपा व्हावा म्हणून सरकारने पाकिटावर एककाची किंमत छापणे बंधनकारक केले आहे. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात ती असते. पाकीट एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला किती आणि जास्त असेल तर दर किलोला किती, असे लिहिलेले असते. पातळ पदार्थ असेल तर मिलीलिटर किंवा लिटर. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणले की किलोचा भाव आला. ०.४५ रुपये ग्रॅम म्हणजे ४५० रुपये किलो. मात्र ही किंमत एमआरपीवरून काढलेली असते. कूपनाची सूट वजा करून आपला हिशेब आपणच करावा. चष्मा आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, एवढे पुरते.

"मोठे पाकीट नेहमी स्वस्त" हाही गैरसमज आहे. शाम्पूची छोटी पुडी अनेकदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलीलिटरला स्वस्त पडते. "एकावर एक मोफत" मध्ये मोफत मिळणारी वस्तू छोट्या आकाराची आहे का आणि तिची वापरण्याची मुदत किती उरली आहे, हेही पाहावे. दोघांच्या घरात दोन किलो बेसन स्वस्तात आणले आणि पावसाळ्यात त्यात अळ्या झाल्या, तर स्वस्ताई गेली कुठे?

तिसरी पायरी : अट वाचा, मग आनंद करा

कूपनाचा मोठा आकडा ठळक असतो आणि अट बारीक. चार अटी नेहमी तपासाव्यात.

एक, किमान खरेदी. "१,५०० च्या खरेदीवर १५० सूट." आपली यादी झाली ११८० ची. आता ३२० चे आणखी सामान घेतले तर बिल १,५०० आणि सूट जाऊन १,३५०. म्हणजे आपल्या खिशातून १७० रुपये जास्त गेले. ते ३२० चे सामान पुढच्या महिन्याला लागणारे साबण, मीठ, चहापत्ती असेल, तर ३२० चा माल १७० ला मिळाला आणि हा चांगला सौदा आहे. पण ती चॉकलेटे आणि नूडल्स असतील, तर १७० रुपये सरळ गेले. एकच कूपन, एकच रक्कम, फरक फक्त टोपलीत काय पडले त्याचा.

दोन, "पर्यंत" हा शब्द. "२० टक्क्यांपर्यंत, कमाल ५० रुपये" असे असेल, तर १,००० च्या खरेदीवर २०० नव्हे, ५० रुपयेच मिळतात. म्हणजे ५ टक्के. अशा कूपनाचा पुरेपूर फायदा २५० रुपयांच्या खरेदीवर होतो. त्यापुढे टक्का घसरत जातो.

तीन, सूट की कॅशबॅक. सूट लगेच बिलातून वजा होते. कॅशबॅक नंतर जमा होतो, तोही बहुतेक वेळा त्याच ॲपमध्ये आणि ठरावीक दिवसांत वापरण्याच्या अटीवर. हातात आलेले दहा रुपये आणि पुढे मिळणारे पंधरा यांत आम्ही दहा धरतो.

चार, वरचे खर्च. घरपोच पोहोचवण्याचा आकार, हाताळणीचा आकार, पिशवीचे पैसे हे सगळे मिळवून शेवटचा आकडा पाहावा. शिवाय ॲपमध्ये आधी आपला पिनकोड टाकून पाहावा. सौंसरचा ४८०१०६ किंवा पांढुर्ण्याचा ४८०३३४ टाकला की नागपुरात दहा मिनिटांत पोहोचवणारे ॲप आपल्याकडे येते की नाही, ते कळते. मुलांनी पाठवलेले कूपन बरेचदा त्यांच्या शहरापुरतेच असते.

नागपूरची फेरी : परवडते केव्हा?

आपण सीमेवरचे लोक. राज्य मध्य प्रदेश, पण दवाखाना, लग्नाची खरेदी आणि अर्धे नातेवाईक नागपुरात. नागपूरच्या मोठ्या दुकानांच्या जाहिराती आपल्यापर्यंत येतात आणि "महिन्याचा किराणा तिकडूनच आणू" असा विचार मनात येतो.

त्याचा हिशेब असा. सौंसरहून नागपूर जाऊन-येऊन साधारण १४० किलोमीटर धरू. गाडी लिटरला १५ किलोमीटर चालली तर सव्वानऊ लिटरच्या वर पेट्रोल. लिटरला १०० रुपये धरले तरी ९३३ रुपये झाले. टोल, चहा-नाश्ता वेगळा. दुकानात सरसकट १० टक्के स्वस्त मिळाले असे मानले, तरी केवळ पेट्रोल वसूल व्हायला ९,३०० रुपयांहून अधिक खरेदी हवी. दोघांच्या घराला एवढा किराणा लागतो का? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे व्हायला नको.

मात्र दवाखान्यासाठी किंवा मुलाकडे जाणे असेलच, तर यादी आणि वही सोबत ठेवावी. तो खर्च नाहीतरी होणारच आहे, मग टिकणाऱ्या वस्तू तिकडून आणण्यात शहाणपण आहे. डी-मार्टसारखी दुकाने कूपनांच्या भानगडीत फारशी पडत नाहीत. एमआरपीपेक्षा रोजच कमी भाव ठेवायचा, ही त्यांची रीत. २००२ साली पवईत पहिले दुकान निघाले तेव्हापासून ती चालू आहे. तिथे वहीतला भाव आणि फळीवरचा भाव एवढेच ताडून पाहावे. किराणा घ्यायला गेलो आणि बादली, चादर, टी-शर्ट घेऊन आलो, असे होऊ देऊ नये. दुकानाची रचना त्यासाठीच केलेली असते.

ओळखीचा दुकानदार आणि हंगाम

मोबाईलमध्ये न दिसणारी सूट आपल्या गावातच मिळते. महिन्याचा सगळा किराणा एकदम घेणार असाल, तर दुकानदाराला सरळ विचारावे, "भाऊ, पूर्ण यादी तुमच्याकडूनच घेतो, रोखीने. भाव काय लावता?" कंपनीकडून पाकिटासोबत काही मोफत आले असेल, तर तेही विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

त्यातच दुसरी बाजूही पाहावी. संत्र्याचा बहार गळाला, कापसाला भाव मिळाला नाही, घरात आजारपण आले, अशा वेळी दोन महिने खाते चालू ठेवणारा गल्लीतला दुकानदारच असतो. कोणतेही ॲप उधारीवर तूर डाळ देत नाही. चार-पाच रुपयांच्या फरकासाठी सगळी खरेदी बाहेर नेली आणि अडचणीच्या वेळी पुन्हा त्याच्याच दारात उभे राहिलो, तर तो काय म्हणेल? आमचे मत असे, की रोजचा किराणा गावात घ्यावा आणि जिथे फरक खरोखर मोठा आहे तेवढ्याच वस्तूंसाठी बाहेर जावे.

आणि हंगाम विसरू नये. नवी तूर बाजारात आली की डाळ, मार्च-एप्रिलमध्ये गहू, उन्हाळ्याच्या तोंडाला मिरची आणि हळद, हे सालभराचे भरून ठेवण्याची आपल्या आई-आजीची पद्धत होती. धान्य उन्हात वाळवायचे, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायचे आणि वर्षभर निश्चिंत. महालक्ष्म्या आणि दिवाळीच्या तोंडावर मागणी वाढते आणि स्कीमची गर्दीही तेव्हाच होते. त्या घाईत अटी वाचायला कोणाला वेळ नसतो. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाची यादी महिनाभर आधी केली तर निम्मे सामान साध्या भावात येऊन पडते.

कंट्रोलचा हक्क सोडू नका

कूपनांच्या नादात एक गोष्ट राहून जाते. ज्या कुटुंबांना राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली कंट्रोलचे धान्य मिळते, त्यांच्यासाठी यापेक्षा मोठी सूट दुसरी नाही. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ती मुदत वाढवली आहे. कामासाठी नागपूरला राहणाऱ्या सदस्याला "एक देश, एक रेशन कार्ड" या सोयीमुळे तिथल्या दुकानातूनही आपला वाटा घेता येतो. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचे, गड्याचे किंवा शेजाऱ्याचे केवायसी राहिले असेल, तर त्यांना ते करून घ्यायला मदत करावी. दहा रुपयांच्या कूपनापेक्षा ती मदत कितीतरी मोलाची आहे.

खोटी कूपने : इथे सावध राहा

हा भाग कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावा. कूपनाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीत शंभर-दोनशे रुपये जात नाहीत, खाते रिकामे होते. वयस्क सभासदांची पेन्शन ज्या खात्यात येते, तेच खाते मोबाईलला जोडलेले असते.

१. यूपीआय पिन टाकावा लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. "कॅशबॅक मिळवण्यासाठी पिन टाका" असे आले की ती फसवणूक समजावी.

२. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. कोणी कूपनाचे पैसे पाठवतो म्हणून कोड पाठवला, तर तो स्कॅन करू नये.

३. "तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपणार आहेत, खालची फाईल उतरवून घ्या" असा संदेश बँकेच्या नावाने येतो. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असते. बँक अशी फाईल व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ती उघडली की मोबाईलमधील संदेश, ओटीपीसुद्धा, दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतात. पॉइंट पाहायचे असतील तर बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन पाहावेत. पॉइंट गेले तर गेले, पण खाते राहिले पाहिजे.

४. एखाद्या नामांकित कंपनीच्या वर्धापनदिनानिमित्त मोफत किराणा, "ही लिंक दहा जणांना पाठवा" असे संदेश आपल्या गटावरही फिरतात. चांगल्या हेतूने पुढे पाठवणारा सभासदच नकळत दुसऱ्याला खड्ड्यात घालतो. खात्री नसेल तर पुढे पाठवू नये.

५. किराण्याच्या ॲपसाठी शक्यतो वेगळे छोटे खाते ठेवावे आणि त्यात महिन्याच्या किराण्याएवढीच रक्कम ठेवावी. पेन्शनचे खाते ॲपला जोडू नये. एवढी एक व्यवस्था केली तरी मोठे नुकसान टळते.

तरीही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पहिला तास-दोन तास महत्त्वाचे असतात. पैसे पुढे काढले जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

हक्काची तक्रार कुठे?

एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले, वजनात कमी दिले, किंवा जाहिरातीतली भेटवस्तू "संपली" म्हणून दिलीच नाही, तर ग्राहक म्हणून आपल्याला बोलता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे आणि देण्याचा हेतू नसताना भेटवस्तूचे आमिष दाखवणे या अनुचित व्यापारी प्रथा मानल्या आहेत. म्हणून बिल नेहमी मागून घ्यावे आणि महिनाभर जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. वजन-मापाची तक्रार आपल्या मध्य प्रदेशात नापतौल विभागाकडे जाते. आधी दुकानदाराशी शांतपणे बोलावे. बहुतेक गोष्टी तिथेच मिटतात.

वाचलेला पैसा गेला कुठे?

बिलाच्या खाली छापलेले असते, "आज आपण ४१२ रुपये वाचवले." हे ४१२ कोणत्याच पासबुकात दिसत नाहीत. खरी बचत मोजण्याची पद्धत एकच : मागच्या वर्षी याच महिन्यात किराण्याला किती लागले, या महिन्यात किती लागले, आणि मधल्या भाववाढीचा हिशेब. वहीमुळे हे कळते.

महिन्याला ३०० रुपये खरोखर वाचत असतील, तर ते त्याच दिवशी बाजूला काढावेत. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत महिन्याला ३०० टाकले, तर भरलेली रक्कम १८,००० होते आणि ६.७ टक्के व्याजदर धरला तर हातात साधारण २१,४०० येतात. नातवाच्या शाळेच्या पहिल्या वर्षाला किंवा स्वतःच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला ते कामी येतात. बाजूला न काढलेले ३०० रुपये महिन्याच्या शेवटी कुठे गेले ते कोणालाच सांगता येत नाही.

एकत्र खरेदीचा विचार

एकट्याने कूपन शोधण्यापेक्षा जुना आणि भक्कम मार्ग महाराष्ट्रात आहे. १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकत्र येतो आणि एका घरी बसून सगळ्यांनी वाटून घ्यायचा, अशी तिची रीत. मधले खर्च कमी झाल्याने भाव कमी पडतो आणि मालाची पारखही होते. त्याला कूपन लागत नाही, लागतो तो एकमेकांवरचा विश्वास आणि वेळेवर पैसे देण्याची शिस्त.

आपल्या मंडळात दहा-बारा घरे तयार झाली, तर तूर डाळ, गहू आणि तेल या तीनच वस्तूंपासून सुरुवात करता येईल. हिशेब ठेवायला आम्ही तयार आहोत. ज्यांना यात यायचे आहे त्यांनी पुढच्या बैठकीत नाव द्यावे आणि येताना गेल्या दोन महिन्यांची किराण्याची बिले सोबत आणावीत. सर्वांची बिले शेजारी ठेवली की कोणत्या वस्तूत किती फरक पडतो, ते तिथेच दिसेल.

तोवर या महिन्यापुरते एवढेच करावे : वही घ्यावी, वीस वस्तू लिहाव्यात आणि प्रत्येकीचा किलोचा भाव काढावा.